घाटांत दमणारी गाडी

वैशाखांत रत्नागिरीहून कोल्हापुरास जाणाऱ्या रस्त्यावर आंब्याच्या पेट्यांनीं भरलेल्या लहान मालमोटारींची रीघ लागलेली असते. साखरपा मागें पडलें कीं आंबा घाटाचा चढ सुरू होतो, आणि प्रत्येक गाडीची खरी परीक्षा तेथेंच होते. धडधाकट गाडी तिसऱ्या गिअरवर हुंकार देत वळणें घेत जाते. जुनी गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर येते, मागच्या गाड्यांचे भोंगे वाजूं लागतात, आणि शेवटीं एखाद्या वळणाशीं ती कडेला घेऊन उभी करावी लागते. ताडपत्रीखालीं पिकत आलेला हापूस, वर तापलेलें ऊन, आणि सौद्याची वेळ टळत चाललेली. अशा वेळीं हांकणाऱ्याच्या तोंडून एकच वाक्य निघतें : "गाडीला दम नाहीं."

शहरांतील सुशिक्षित कुटुंबास या वाक्याशीं काय कर्तव्य, असें कोणास वाटेल. परंतु दारावर येणारी आंब्याची पेटी, भाजी, दुधाचे कॅन, घर बदलतांना हलविलेलें सामान, हें सर्व अशाच एखाद्या गाडीच्या दमावर अवलंबून असतें. शिवाय ज्यांच्या घरीं स्वतःची जुनी मोटार आहे त्यांनाही आज ना उद्यां हाच प्रश्न पडतो, आणि त्या वेळीं "एंजिन बसलें, उतरवावें लागेल" हा निकाल मुकाट्यानें मान्य करण्यापलीकडे त्यांना कांहीं करतां येत नाहीं. एंजिन उतरवून खोलणें हें मोटारीच्या बाबतींत पोट फाडून केलेल्या शस्त्रक्रियेसारखें आहे. तें कधीं अवश्य असतें. पण पुष्कळ वेळां रोग दुसरीकडेच असतो, आणि हजारों रुपये खर्चून घरीं आणलेली गाडी पुन्हां त्याच वळणाशीं उभी राहते.

या जातीच्या गाडीस बाजारांत पिकअप म्हणतात, आणि गाडीच्या वेग घेण्याच्या शक्तीलाही लोक पिकअपच म्हणतात. त्यामुळें "पिकअपला पिकअप नाहीं" ही तक्रार मिस्त्र्याच्या अंगणांत नित्य ऐकूं येते, आणि तिला कोणी हंसत नाहीं. आज ज्या नव्या गाड्या विकल्या जातात त्यांच्या पोटांत लहानसा संगणक असतो. विशेषतः १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा या नियमांखालील गाड्यांत तो बिघाडाची नोंद ठेवतो, व योग्य उपकरण जोडलें कीं आपल्या दुखण्याचा अंक सांगतो. जुनी गाडी बोलत नाहीं. १९८८ सालीं टेल्को कंपनीनें, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनें, 'टाटामोबाइल' ही पिकअप बाजारांत आणली. तिचें डीझेल एंजिन १९४८ घन सेंटिमीटरांचें, म्हणजे सुमारें दोन लिटरांचें होतें. त्या आणि त्यानंतरच्या दशकांतील अशा गाड्यांत सर्व कारभार लोखंडी पंप, तारा, नळ्या आणि स्प्रिंगा यांच्याकडे असतो. येथें विचार अशा गाडीचा आहे. तिच्या रोगाचें निदान डोळे, कान, नाक आणि हात यांनींच करावें लागतें, आणि तें चांगलें करतांही येतें.

रुडॉल्फ डीझेल यानें १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें जें एंजिन चालवून दाखविलें, त्याचें मूलतत्त्व आजही तेंच आहे. सिलिंडरांत केवळ हवा ओढून घ्यावयाची, दट्ट्यानें, म्हणजे पिस्टननें, ती मूळ आकारमानाच्या पंधराव्या ते बाविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबावयाची, त्या दाबानें ती पांचशे अंशांहून अधिक तापली कीं तींत डीझेलचा सूक्ष्म फवारा सोडावयाचा. ठिणगी लागत नाहीं. तापलेली हवाच तेल पेटविते. यावरून दिसून येईल कीं, एंजिनाला भरपूर हवा पाहिजे, पुरेसें तेल नेमक्या क्षणीं पाहिजे, दाब टिकला पाहिजे, आणि जळून उरलेला वायु सुखानें बाहेर पडला पाहिजे. यांपैकीं हवेची भूक किती मोठी असते याची कल्पना सहसा नसते. दोन लिटरांचें एंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असलें, तर त्यांतील दर दुसऱ्या फेऱ्यास तें एकदां आपलें पोट हवेनें भरतें. म्हणजे मिनिटाला सुमारें तीन हजार लिटर हवा. एक लिटर डीझेल नीट जाळण्यास जवळजवळ दहा हजार लिटर हवा खर्ची पडते. गाडी तेलावर चालते असें आपण म्हणतों. मापानें पाहिलें तर ती हवेवर चालते.

निदानाची रीत एका उदाहरणानें चांगली स्पष्ट होईल. रत्नागिरीजवळच्या एका बागायतदाराची अशी एक जुनी पिकअप आंब्याच्या मोसमांत दम टाकूं लागली. एका ठिकाणीं एंजिन उतरविण्याचा सल्ला मिळाला. बागायतदार काटकसरी, त्यानें गाडी दुसऱ्या एका वयस्क मिस्त्र्याकडे नेली. मिस्त्र्यानें बॉनेटला हात लावला नाहीं. आधीं विचारलें :

"मालक, दम एकाएकीं गेला कीं हळूहळू?"

"या मोसमांतच गेला. गेल्या वर्षीं हीच गाडी एवढ्याच पेट्या घेऊन चढत होती."

"रिकामी असतांना कशी पळते?"

"रिकामी पळते. सपाटीलाही तक्रार नाहीं."

"घाट लागल्या लागल्याच दमते?"

"नाहीं. आधीं बरी चढते. दहा मिनिटांनीं ढिली पडते. कडेला घेऊन चहा घेतला कीं पुन्हां चार वळणें चढते."

"आणि ढिली पडते तेव्हां धूर कसला निघतो?"

"धूर? धूर कांहींच नाहीं, मिस्त्री."

या चार उत्तरांत अर्धें निदान झालेलें आहे. परंतु जुना मिस्त्री घाई करीत नाहीं, आणि त्याचें कारण असें कीं, दम गेल्याची तक्रार कित्येकदां एंजिनाची नसतेच. एंजिन आपलें काम इमानानें करीत असतें, आणि त्यानें मिळविलेली शक्ति वाटेंत कोणी तरी खाऊन टाकतो.

पहिला संशयित ब्रेक. पावलानें दाबलेला ब्रेक सोडल्यावर चाक मोकळें झालें पाहिजे. पण ब्रेकच्या सिलिंडरांत गंज चढला, हातब्रेकची तार आखडली, किंवा आंतील स्प्रिंग तुटली, तर चाकावर ब्रेक किंचित् घांसत राहतो. हांकणाऱ्यास हें समजत नाहीं, केवळ गाडी जड वाटते. दोन-चार कोस चालवून, शक्य तों ब्रेक न लावतां गाडी थांबवावी, आणि चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्यावा. हात टेकूं नये. जवळ नेल्यानेंच कळतें. एक चाक इतरांपेक्षां अधिक तापलेलें असलें तर चोर सांपडला. दुसरा संशयित क्लच. चढावर एंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी त्या मानानें पुढें जात नाहीं, आणि जळक्या अस्तराचा वास येतो, तर एंजिनाला दोष देऊं नये. मोकळ्या जागीं हातब्रेक पक्का ओढून, गाडी वरच्या गिअरांत घालून, किंचित् गति देऊन क्लचवरील पाय हळूहळू उचलावा. एंजिन गुदमरून बंद पडलें तर क्लच धड आहे. आरामांत फिरत राहिलें तर क्लच घसरत आहे. ही परीक्षा एकदांच करावी, वारंवार करूं नये, नाहींतर चांगला क्लचही जळेल. टायरांतील हवा आणि पेट्यांचें खरें वजन हेंही पाहावें. दरसाल तेवढ्याच पेट्या असें म्हणणाराची पेटी दरसाल थोडी मोठी होत असते, आणि याबाबतींत गाडीमालकाच्या शब्दापेक्षां वजनकांट्यावर विश्वास ठेवलेला बरा.

यानंतर एक अशी गोष्ट जिला पैसा लागत नाहीं, आणि म्हणूनच कदाचित् ती विसरली जाते. एकानें आंत बसून गति देण्याचें पायडल तळापर्यंत दाबावें, आणि दुसऱ्यानें बॉनेट उघडून पंपावरील तरफ पाहावी. ती आपल्या शेवटच्या स्क्रूला टेकली पाहिजे. तार ताणली गेली असली, किंवा पायडलखालीं जाडसा रबरी गालिचा सरकून आला असला, तर हांकणारा पूर्ण शक्ति मागतो आणि पंपाला तीन-चतुर्थांशच निरोप पोंचतो. केवळ एवढ्याच कारणासाठीं मोठाल्या दुरुस्त्या झालेल्या आहेत, यावर मोटारीच्या धंद्यांतील माणसांचा चटकन विश्वास बसेल. इतरांनीं हंसूं नये.

आतां धूर. वैद्य जीभ पाहतो तसा मिस्त्री धूर पाहतो. काळा धूर म्हणजे तेल आहे पण त्या मानानें हवा नाहीं, किंवा तेलाचा फवारा नीट फुटत नाहीं, थेंब पडत आहेत. निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास म्हणजे वंगणाचें तेल सिलिंडरांत शिरून जळत आहे. रिंगा किंवा झडपांचीं मार्गदर्शक नळकांडीं झिजलीं असावीं. पांढरा धूर पहाटे गाडी सुरू करतांना थोडा वेळ निघाला तर काळजी नाहीं. एंजिन तापल्यावरही निघत राहिला तर डीझेल न जळतां बाहेर पडत आहे, म्हणजे फवारा उशिरा सुटतो किंवा दाब अपुरा आहे. त्याच धुरास वाफेसारखा ओलावा असेल आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर तें पाणी सिलिंडरांत जात आहे. आणि शक्ति गेलेली, पण धूर मुळींच नाहीं, ही अवस्था सर्वांत बोलकी. भरल्या गाडीनें पूर्ण गति मागितली असतां जुनें डीझेल एंजिन थोडा तरी धूर टाकतेंच. तें टाकीत नसेल तर त्याला तेलच मिळत नाहीं. चूल विझत आली तर फुंकून उपयोग नाहीं, आधीं लाकडें पाहावीं.

काळ्या धुराच्या गाडीत प्रथम हवेची गाळणी उघडावी. कोंकणांत आणि घाटावर कच्च्या रस्त्याची तांबडी धूळ असते. एका मोसमांत ती कागदी गाळणीच्या घड्या भरून टाकते. जुन्या गाड्यांपैकीं कांहींत तेलाच्या भांड्याची गाळणी असते; तींत धुळीचा चिखल होऊन बसतो, तो काढून, भांडें धुवून, खुणेपर्यंत नवें तेल भरावें. गाळणी काढून टाकून गाडी चालविण्याची कांहींजणांस संवय असते, "मग बघा कशी पळते!" ती पळते खरी. पण त्या धुळीनें सिलिंडरांची भिंत खरवडली जाते, आणि जी शस्त्रक्रिया टाळावयाची तीच ओढवून घेतली जाते. गाळणीपासून एंजिनापर्यंतची रबरी नळीही दाबून पाहावी. जुनें रबर मऊ पडलें असलें तर जोराच्या ओढीनें ती आंतल्या आंत चिकटते, आणि एंजिन बंद असतां मात्र निरोगी दिसते. ज्या गाडीस टर्बो आहे तिच्यांत पुढच्या नळ्यांच्या सांध्यांतून हवा फुसफुसत नाहीं ना, हेंही कान देऊन ऐकावें.

हवा आंत येण्यास जसा मार्ग पाहिजे तसा बाहेर जाण्यासही पाहिजे. दगडावर आपटून चेपलेली धुराची नळी डोळ्यांना दिसते. पण सायलेन्सरच्या पोटांतील पत्रा गंजून सुटला व आडवा पडला तर बाहेरून कांहीं कळत नाहीं. थंड सायलेन्सरला लांकडाच्या ठोकळ्यानें हलकेच ठोकावें. आंत कांहीं खुळखुळलें तर संशय धरावा, आणि पुढचा सांधा ढिला करून थोडें अंतर चालवून पाहावें. कानठळ्या बसतील, पण उत्तर मिळेल.

बागायतदाराच्या गाडीची हकीकत वेगळी होती. धूर नव्हता, दम दहा मिनिटांनीं जात होता व विश्रांतीनंतर परत येत होता. एंजिन झिजलें असतें तर तें पायथ्याशींही झिजलेलेंच राहिलें असतें. चहा घेऊन रिंगा नव्या होत नाहींत. तेव्हां मिस्त्र्यानें आपला सारा विचार टांकीपासून पंपापर्यंतच्या वाटेवर केंद्रित केला.

ही वाट साधी दिसते, पण तिच्यांत विघ्नें पुष्कळ. टांकीच्या झांकणाला हवा आंत घेण्यासाठीं बारीक वाट ठेवलेली असते, कांहीं गाड्यांत त्यासाठीं वेगळी नळी असते. ती धुळीनें बुजली, कीं तेल कमी होत जाईल तसतशी टांकींत पोकळी वाढते, आणि पंप ओढतो पण तेल येत नाहीं. गाडी दमल्याबरोबर झांकण उघडावें. "सुस्स" असा आवाज होऊन हवा आंत शिरली व गाडी चालूं लागली तर दोष झांकणाचा. पुढें गाळण्या. त्यांच्या तळाशीं पाणी सांठतें, विशेषतः पावसाळ्यांत. अर्धी रिकामी टांकी रात्रभर थंडींत उभी राहिली तरी तिच्या भिंतींवर दंव धरतें व तें तळाशीं जातें. तळचा स्क्रू सैल करून तें काढून टाकावें. पाणी आणि डीझेल यांच्या सीमेवर जंतूंचा बुळबुळीत गाळ वाढतो, तो गाळणीच्या कागदावर बसला कीं कागद कोरा दिसूनही वाट बंद होते. लहान पुरवठा-पंपाच्या तोंडाशीं कांहीं गाड्यांत जाळीचा पेला असतो; त्याची आठवण फार थोड्यांस असते. शेवटीं, ओढणाऱ्या नळीच्या एखाद्या सांध्यांतून तेल बाहेर न गळतां हवा आंत शिरते. नळीचा एक तुकडा काढून तेथें पारदर्शक नळी बसवावी. तींतून बुडबुड्यांची माळ जाऊं लागली तर तांब्याचे वॉशर आणि रबराचे तुकडे बदलण्याची वेळ आली आहे.

मिस्त्र्यानें झांकण पाहिलें, दोष नव्हता. गाळणी नवी घातली. घाटांत गाडी पुन्हां दमली. पारदर्शक नळी बसविली, बुडबुडे नाहींत. येथें अधीर माणसानें पंपाकडे बोट दाखविलें असतें, आणि पंप काढून दुरुस्तीस पाठविणें ही लहान खर्चाची गोष्ट नव्हे. मिस्त्र्यानें एक स्वच्छ डबा घेतला, त्यांत पांच लिटर डीझेल ओतलें, तो गाडीच्या हौद्यांत पुढच्या बाजूस दोरानें घट्ट बांधला, आणि टांकीची नळी सोडवून पंपाची ओढ त्या डब्यास जोडली. पंपांतून परत येणाऱ्या जादा तेलाची नळीही त्याच डब्यांत सोडली. मग पेट्या भरून गाडी घाटावर नेली. (पेट्रोलच्या गाडीवर हा प्रयोग कोणीही करूं नये, भडका उडेल.) गाडी न थांबतां वर गेली.

या एका प्रयोगानें अर्ध्या गाडीची निर्दोष सुटका झाली. पंप, इंजेक्टर, झडपा, रिंगा, दाब, वेळ, सर्व कांहीं ठीक. कारण डबा बदलल्यानें त्यांपैकीं कांहींच बदललेलें नव्हतें. दोष टांकीत किंवा तिच्या नळींत. टांकी उतरवून, तेल गाळून काढून, ती उपडी करून हलविली, तेव्हां पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीचा तळहाताएवढा तुकडा बाहेर आला. मोसमाच्या आरंभीं एका रात्रीं कोणी तरी डब्यांतून डीझेल ओतलें होतें, आणि त्या डब्याच्या बुचाखालीं गळती थांबविण्यासाठीं पिशवी दाबलेली होती. तिचाच हा तुकडा. सपाटीवर एंजिनाची ओढ थोडी. तुकडा टांकींत तरंगत राही. घाटांत तेलाची गरज दुपटीतिपटीनें वाढे, ओढीबरोबर तो हळूहळू नळीच्या तोंडाशीं येई आणि पोळपाटावर चिकटलेल्या पोळीसारखा तेथें बसे. एंजिन थांबलें कीं ओढ संपे, तुकडा सुटे, आणि चहा पिऊन आलेल्या माणसांस वाटे कीं गाडीनेंही विसांवा घेतला.

सर्वच रोग असे सोपे नसतात. डब्यावरही गाडी दमली असती तर पुढची पायरी इंजेक्टरांची. चार सिलिंडरांपैकीं एक काम करीत नसेल तर एंजिन मंद फिरतांना थरथरतें आणि आवाजाचा ताल चुकतो. कोणता आळशी आहे हें ओळखण्यासाठीं एकेका इंजेक्टरच्या नळीची नट किंचित् सैल करावयाची. चांगल्या सिलिंडरचें तेल असें तोडलें कीं एंजिन अडखळतें. ज्याची नट सैल केल्यानें कांहींच फरक पडत नाहीं तो आधींपासूनच बेकार होता. हें काम हातमोजे घालून, नटवर फडकें टाकून, जाणत्या माणसानेंच करावें. त्या नळींतील दाब दर चौरस सेंटिमीटरला शंभराहून अधिक किलोग्रॅम असतो. बारीक फवारा कातडी भेदून आंत शिरतो, जखम टांचणीच्या टोकाएवढी दिसते, आणि आंत मांस सडूं लागतें. असें झाल्यास दुखत नाहीं म्हणून घरीं बसूं नये, तत्काळ शस्त्रवैद्याकडे जावें.

बेकार सिलिंडर सांपडल्यावर त्याचा इंजेक्टर शेजाऱ्याशीं बदलावा. रोग इंजेक्टरबरोबर शेजारीं गेला तर इंजेक्टर दोषी. रोग जागच्या जागीं राहिला तर सिलिंडरचा दाब तपासला पाहिजे. दाबमापक बसवून, एंजिन केवळ स्टार्टरनें फिरवून हें मोजतात. धड डीझेल एंजिनांत साधारण पंचवीस ते तीस किलोग्रॅम दाब दिसतो. नेमका आंकडा त्या त्या एंजिनाच्या पुस्तकांत असतो. पण आंकड्यापेक्षां चौघांतील फरक अधिक सांगून जातो. चौघेही सारखेच थोडे उतरलेले असतील तर गाडी म्हातारी झाली इतकेंच. तीन चांगले आणि एक पडलेला असेल तर त्या एकाचें दुखणें शोधावें. शेजारशेजारचे दोन एकदम पडलेले असतील तर त्यांच्यामधील हेडचें गॅस्केट फुटलें असण्याचा संभव मोठा. झडपांची मोकळीक कमी झाली असली, तर एंजिन तापल्यावर झडप पूर्ण मिटत नाहीं आणि दाब निसटतो. हें दुखणें पातळ पट्टीच्या मापानें तासाभरांत बरें होतें, आणि एंजिन उतरविण्याचा सल्ला देणारानें तें आधीं पाहिलें होतें काय, हा प्रश्न मालकानें अवश्य विचारावा. क्रँककेसच्या श्वासनळींतून धुराचे लोट निघत असतील, निळा धूर असेल, तेल पीत असेल आणि दाबही चारही ठिकाणीं पडला असेल, तर मात्र रिंगा व सिलिंडर झिजले. तेथें शस्त्रक्रियेस पर्याय नाहीं.

एका अपराधाचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. इंजेक्शन पंपावर अधिकांत अधिक तेलाचें माप ठरविणारा एक स्क्रू असतो, आणि कारखाना तो तार ओंवून मोहोरबंद करतो. गाडी दमली कीं ती मोहोर तोडून स्क्रू पिळणारे "तज्ज्ञ" गांवोगांवीं आहेत. गाडी दोन दिवस जोरांत पळते, काळे लोट सोडते, आणि मालक खूष होऊन पैसे देतो. पण हवा तेवढीच असतां तेल वाढविलें, तर तें उशिरापर्यंत जळत राहतें, उष्णता वाढते, आणि लांब चढावर पिस्टनचा माथा वितळण्यापर्यंत पाळी येते. ज्या गाडीस तेल मिळतच नाहीं तिचा स्क्रू पिळून तर कांहींच साधत नाहीं. फक्त खरा रोग बरा झाल्यावर दुसरा शिल्लक उरतो.

पेट्रोलच्या जुन्या पिकअपींत रीत हीच, पात्रें निराळीं : कार्बुरेटरमधील तुंबलेलीं भोंकें, झिजलेले पॉइंट, मागें पडलेली ठिणगीची वेळ, काजळी धरलेले प्लग. आणि डीझेल असो वा पेट्रोल, निसर्गाचा वांटा वजा करावयास विसरूं नये. पंधरा अंशांची हवा चाळीस अंशांवर गेली कीं ती सुमारें आठ टक्क्यांनीं विरळ होते. महाबळेश्वराच्या उंचीवर, म्हणजे १,३५३ मीटरांवर, हवा समुद्रकांठच्या मानानें साधारण एक-अष्टमांशानें विरळ असते. टर्बो नसलेल्या एंजिनाची शक्ति जवळजवळ त्याच प्रमाणांत उतरते. वैशाखाच्या दुपारीं घाटमाथ्यावर जाणवणारा थोडा अशक्तपणा हा रोग नव्हे, आणि पहाटे निघणारे हांकणारे हें पुस्तकावांचून जाणतात.

बागायतदाराची टांकी धुवून परत बसविली. तिच्या तोंडाला जाळी घातली. त्याच संध्याकाळीं पेट्या भरून गाडी कोल्हापुरास निघाली, मिस्त्री शेजारीं बसला होता. तिसऱ्या गिअरवर ती आंब्याच्या घाटमाथ्यावर आली, पाण्याचा कांटा मधल्या खुणेवर होता. मिस्त्रयानें गाडी थांबवावयास सांगितली, खालीं उतरून चारही चाकांजवळ हात नेला, आणि मागच्या डाव्या चाकाशीं तो थोडा रेंगाळला. तें इतरांहून किंचित् अधिक तापलें होतें. ब्रेकचें काम परतीच्या दिवसावर ठेवून दोघे पुढें निघाले.